ही फाईल वाचतं कोण?



जावा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट फाइली हा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. "ताई, हे व्याख्यान आहे की वर्कशॉप?" शंका रास्त होती. या व्यासपीठावर पाण्यावर बोलणारे येऊन गेले, शिक्षणावर बोलणारे येऊन गेले. त्यांच्या रांगेत पंधरा-वीस ओळींची एक फाईल घेऊन उभं राहायचं म्हणजे धाडसच. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे सर शिकवताना मोठे सिद्धांत फळ्यावर लिहायचे आणि परीक्षेत मात्र बारीकसारीक विचारायचे. त्यांच्या स्मरणार्थ बारीकसारीक बोललं तर ते वावगं होणार नाही.

आधी ही फाईल का लागते ते पाहू. प्रोग्राम लिहिणारा पुण्यात बसून लिहितो. तो चालतो कुठे? कधी चाचणीच्या मशीनवर, कधी ग्राहकाच्या तळघरातल्या सर्व्हरवर, कधी भाड्याच्या क्लाउडमध्ये. प्रोग्राम तोच, पण प्रत्येक ठिकाणी जावा वेगळ्या फोल्डरमध्ये, मेमरी कमी-जास्त, डेटाबेसचा पत्ता निराळा. ठिकाणाबरोबर बदलणारं हे सगळं प्रोग्राममध्ये कोरून ठेवलं, तर प्रत्येक ठिकाणासाठी प्रोग्राम नव्यानं बांधावा लागेल. म्हणून ते बाहेर काढून ठेवतात. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली, त्यासाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून नावानिशी किंमती देण्याची, सोय आली, आणि आज क्लाउडच्या जमान्यातही आपण तिच्यावरच चाललोय.

मी आज एकच सर्व्हर घेऊन बोलणार आहे, तो म्हणजे टॉमकॅट. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तो मुळात सर्व्हलेटचा, म्हणजे वेबवरच्या विनंत्यांना उत्तर देणाऱ्या जावा प्रोग्रामांचा, आदर्श नमुना म्हणून लिहिला आणि १९९९ साली सननं तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या हवाली केला. काटेकोरपणे पाहिलं तर टॉमकॅट हा पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर नव्हे, सर्व्हलेट कंटेनर आहे. तिसऱ्या रांगेतल्या कुणाच्या भुवया वर जाण्याआधी मीच सांगून टाकते. अशी फाईल इतर सर्व्हरांतही असते. वेबलॉजिकमध्ये सेटडोमेनएन्व्ह असते, वाइल्डफ्लायमध्ये स्टँडअलोन डॉट कॉन्फ असते. नावं वेगळी, रडगाणं एकच.

टॉमकॅटमधली आपली फाईल म्हणजे सेटएन्व्ह डॉट एसएच. गंमत अशी की टॉमकॅट डाउनलोड केला तर ही फाईल त्यात नसतेच. ती आपण करायची असते. टॉमकॅट चालू करणारी मुख्य स्क्रिप्ट म्हणजे कॅटलिना डॉट एसएच. तिच्या माथ्यावर लांबलचक टिपण आहे आणि त्यात स्वच्छ सांगितलंय की बदल इथे करू नका, सेटएन्व्हमध्ये करा. तरीही मी जिथे जिथे कामाला गेले, तिथे लोकांनी कॅटलिना डॉट एसएचमध्येच हात घातलेला पाहिला. मग टॉमकॅटची नवी आवृत्ती आली की जुन्या बदलांवर पाणी! आणि दोष कुणाचा? अर्थातच नव्या आवृत्तीचा.

आमच्याकडे येणारी मुलं विचारतात, "मॅडम, या फाईलमध्ये काय लिहू?" मी म्हणते, ते नंतर. आधी सांग, ही फाईल वाचणार कोण? आणि वाचणार कधी? माझं आजचं सगळं बोलणं या दोन प्रश्नांभोवतीच आहे. सर्व्हर बिघडला म्हणून जे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांत लिहिलेलं बरोबर असतं, वाचणारा चुकलेला असतो.

पहिला प्रश्न घेऊ. वाचतं कोण?

एन्व्हायर्नमेंट ही सगळ्या मशीनची मिळून एक नसते. प्रत्येक प्रोसेसची आपापली असते आणि ती तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसकडून मिळते. आईनं लेकीला निघताना शिदोरी बांधून द्यावी, तशी. लेक गाडीत बसल्यावर आईनं घरी आणखी चार लाडू वळले, तर ते लेकीच्या डब्यात येत नाहीत. टॉमकॅट चालू झाल्यावर तुम्ही दुसऱ्या खिडकीत बसून कितीही एक्सपोर्ट करा, त्याला पत्ता लागत नाही. त्याला बंद करून पुन्हा चालू करावंच लागतं. ऐकायला सोपं वाटतं ना? पण "मी तर जावा-होम बदललं, तरी जुनाच जावा दाखवतोय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी फक्त विचारते, "रीस्टार्ट केलंस का?"

त्यापुढची पायरी म्हणजे जन्म देतं कोण हे पाहणं. तुम्ही लॉगिन करून हातानं स्टार्टअप स्क्रिप्ट चालवली, तर तुमच्या लॉगिन शेलची सगळी शिदोरी तिला मिळते. बॅश-आरसी या तुमच्या शेलच्या फाईलमध्ये लिहिलेलंसुद्धा मिळतं. पण रात्री वीज गेली, मशीन आपोआप उठलं आणि लिनक्सवर सेवा चालू करून देणाऱ्या सिस्टिमडीनं टॉमकॅट चालू केला, तर? सिस्टिमडी तुमची बॅश-आरसी वाचत नाही. तुम्ही कोण, हेच त्याला ठाऊक नाही. म्हणून "हातानं चालू केला तर चालतो, आपोआप चालू झाला तर चालत नाही" अशी तक्रार आली की सर्व्हरकडे पाहायच्या आधी त्याच्या पालकाकडे पाहावं.

सिस्टिमडीला आपली एन्व्हायर्नमेंट फाईल देता येते, पण तिथेही एक खोच आहे. ती फाईल शेल स्क्रिप्टसारखी दिसते, शेल स्क्रिप्ट नसते. तिच्यात ओळीच्या सुरुवातीला एक्सपोर्ट लिहिलं, तर ती ओळ सोडून दिली जाते. डॉलरचं चिन्ह घालून दुसऱ्या व्हेरिएबलचा उल्लेख केला, तर त्याची किंमत भरली जात नाही, डॉलरसकट तो मजकूर तसाच पुढे जातो. सेटएन्व्हमधून पाच ओळी उचलून इथे चिकटवल्या की काम झालं असं वाटतं, आणि त्या पाच ओळी वाया जातात. विंडोजवर आणखी निराळा खेळ आहे. टॉमकॅट तिथे सर्व्हिस म्हणून बसवला की सेटएन्व्ह डॉट बॅट वाचलीच जात नाही, सर्व्हिस आपल्या सेटिंग्ज रजिस्ट्रीतून घेते. माणूस दिवसभर फाईल बदलत बसतो आणि ती फाईल वाचणारं तिथे कुणी नसतंच.

बरं, लिनक्सवर सगळं जागेवर आहे, पालकही बरोबर आहे, तरी फाईल वाचली जाईलच का? कॅटलिना डॉट एसएच आधी कॅटलिना-बेसच्या बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह शोधते. तिथे नसेल तर कॅटलिना-होमच्या बिनमध्ये पाहते. होम म्हणजे टॉमकॅटची मूळ मांडणी, बेस म्हणजे तुमची चालती शाखा. एका होमवर अनेक बेस चालवता येतात. (म्हणूनच ही दोन नावं सेटएन्व्हच्या आत ठरवता येत नाहीत. ती फाईल सापडण्यासाठीच ती आधी ठाऊक असावी लागतात.) आता शोधते म्हणजे नेमकं काय करते? फाईल वाचता येते का एवढंच पाहते. येत असेल तर वाचते, नाहीतर मुकाट्यानं पुढे जाते. इशारा नाही, चूक दाखवणं नाही, काही नाही.

आता कल्पना करा. कुणीतरी सुरक्षेच्या भरात ही फाईल रूटच्या मालकीची केली आणि इतरांचं वाचणं बंद केलं. टॉमकॅट चालतो टॉमकॅट नावाच्या युजरनं. सर्व्हर झकास चालू होतो. फक्त तुम्ही दिलेली मेमरीची मर्यादा लागू नसते. जावा आपल्या मनानं मशीनच्या मेमरीचा साधारण चौथा हिस्सा कमाल म्हणून धरतो. चार दिवस काही कळत नाही, आणि महिनाअखेरीला पगारपत्रकं काढायच्या वेळी कळतं.

यावर औषध आहे, आणि ते फुकट आहे. टॉमकॅट चालू होताना लॉगच्या पहिल्या काही ओळींत स्वतःच सांगतो की माझा होम कोणता, बेस कोणता, जावाची आवृत्ती कोणती, कोणकोणते पर्याय मला दिले गेले. ते वाचायला अर्धं मिनिट लागतं. पण आपण काय करतो? सगळ्यात खाली, 'सर्व्हर स्टार्टअप' शब्द दिसतात का एवढं पाहतो आणि चहाला जातो.

दुसरा प्रश्न, वाचतं कधी?

तुम्ही म्हणाल, चालू होताना, आणखी कधी? इथेच तर मेख आहे. सेटएन्व्ह बंद करतानासुद्धा वाचली जाते. टॉमकॅट बंद करायची पद्धत मोठी मजेशीर आहे. बंद करणारी स्क्रिप्ट दुसरा एक छोटा जावा जन्माला घालते. तो ८००५ या पोर्टवर चालत्या सर्व्हरला गाठतो आणि मोठ्या लिपीत 'शटडाउन' असा एक शब्द पाठवतो. तो ऐकून सर्व्हर आवरतं घेतो. म्हणजे निरोप द्यायलाही एक जावा लागतो, आणि त्याच्यासाठीही तुमची फाईल वाचली जाते.

पर्याय लिहायला दोन व्हेरिएबल्स आहेत. एक जावा-ऑप्ट्स, दुसरं कॅटलिना-ऑप्ट्स. पहिल्यातले पर्याय चालू करणाऱ्या जावाला मिळतात आणि बंद करणाऱ्यालाही मिळतात. दुसऱ्यातले फक्त चालू होणाऱ्या सर्व्हरला. निम्म्या जगाला हा फरक माहीत नाही, कारण नव्वद टक्के वेळा दोन्हींनी काम होतं. उरलेले दहा टक्के असे असतात. सर्व्हरवर लक्ष ठेवण्यासाठी कुणी जेएमएक्स सुरू केलं, पोर्ट दिला समजा ९०१२, आणि ते जावा-ऑप्ट्समध्ये लिहिलं. सर्व्हर चालू झाला, ९०१२ वर बसला. महिनाभर आनंद. मग बंद करायची वेळ आली. निरोप्या जावा जन्माला आला, त्यानं फाईलमधला तोच पर्याय वाचला आणि आपणही ९०१२ वर बसू म्हणाला. ती जागा तर भरलेली! तो तिथेच मेला. निरोप पोचलाच नाही. सर्व्हर आपला चालूच. मग काय? किल मायनस नाईन. ज्याला स्वच्छ हात धुऊन उठायचं होतं त्याला जेवता जेवता ताटावरून ओढून काढलं, आणि अर्ध्यावर असलेले व्यवहार अर्ध्यावरच राहिले.

तसंच मेमरीचं. किमान हीप, म्हणजे जावाची मेमरी, चार जीबी असं जावा-ऑप्ट्समध्ये लिहिलं, तर एक शब्द पोचवायला आलेला निरोप्याही चार जीबी मागतो. भरलेल्या मशीनवर ते त्याला मिळतीलच असं नाही. उपाय काय? मेमरी, जेएमएक्स, कचरा गोळा करण्याच्या म्हणजे गार्बेज कलेक्शनच्या खुब्या, सगळं कॅटलिना-ऑप्ट्समध्ये. दोघांनाही खरोखर लागेल तेवढंच जावा-ऑप्ट्समध्ये. एवढी एक ओळ पाठ केली तरी आजची संध्याकाळ सार्थकी लागली म्हणेन.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही देशातल्या माणसाला लागू आहे. आता जरा आपल्या घरचं बोलू. सर्व्हर ज्या ठिकाणी चालतो तिथली भाषा कोणती आणि घड्याळ कोणतं, हेही याच फाईलमध्ये ठरतं. ठरवलं नाही, तर कुणीतरी परकं आपल्या वतीनं ठरवतं.

भाषेपासून सुरू करते. जावाच्या पोटात मराठीला काही त्रास नाही, तिथे सुरुवातीपासून युनिकोड आहे. त्रास होतो उंबरठ्यावर, अक्षरं बाइट होऊन बाहेर पडताना. कोणत्या संकेतानं बाहेर पडायचं हे कुणी सांगितलं नसेल, तर जुना जावा ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकेलला, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगला, विचारायचा. तुम्ही लॉगिन करून हातानं सर्व्हर चालू केलात, तर तुमच्या शेलमध्ये लोकेल बहुधा यूटीएफ-८ असतो, मराठी सुखरूप बाहेर येते. तोच सर्व्हर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉननं पहाटे चालू केला, किंवा काटछाट केलेल्या कंटेनरमध्ये चालवला, तर अनेकदा लोकेल कोराच असतो. मग जावा समजतो की इथे फक्त आस्की चालतं. आस्कीत देवनागरी नाही. मग प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह.

'सुनंदा' हे नाव घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. संगणकाला सहा दिसतात. स, उकार, न, अनुस्वार, द, काना. म्हणून कागदावर सहा प्रश्नचिन्हं उमटतात. आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही हो. ती प्रश्नचिन्हं फाईलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये लिहिली गेली, की मूळ नाव गेलं. सहा प्रश्नचिन्हांतून सुनंदा परत येत नाही. त्याउलट कधीकधी मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि शेजारी अनोळखी चलनाचं चिन्ह, अशी माळ दिसते. ती पाहून लोक जास्त घाबरतात, पण ती बरी! यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं असतं. ते बाइट तिथे शाबूत असतात, कुणीतरी चुकीच्या चष्म्यातून वाचत असतं एवढंच. चष्मा बदलला की नाव परत येतं. प्रश्नचिन्हांना घाबरा, त्या माळेला घाबरू नका.

म्हणून आमच्या पिढीनं सेटएन्व्हमध्ये फाईल-एन्कोडिंग यूटीएफ-८ ही ओळ मंत्रासारखी लिहिली. अधिकृतपणे त्या ओळीला पाठिंबा नव्हता, पण ती चालायची. मार्च २०२२ मध्ये जावा १८ आला आणि त्यानं लोकेल काहीही असो, यूटीएफ-८ हाच मूळ संकेत ठरवला. आता ओळीची गरज संपली का? पुरती नाही. पडद्यावर किंवा कॅटलिना डॉट आउट या लॉग फाईलमध्ये जे छापलं जातं, त्यासाठी अजूनही लोकेलच विचारला जातो, आणि मराठी नावांच्या फाइली उघडतानाही. तेव्हा फाईलमध्ये लोकेलची ओळही असू द्या. ती कुणाला टोचत नाही.

घड्याळाचं थोडक्यात सांगते. क्लाउडमधलं मशीन बहुधा यूटीसी पाळतं. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचीच तारीख चालू असते. अर्ज भरायची मुदत ३१ तारखेला मध्यरात्री संपते असं जाहीर केलंय, आणि खिडकी प्रत्यक्षात मिटते १ तारखेला पहाटे साडेपाचला. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांची सोय, बाकीच्यांवर अन्याय. उपाय एका ओळीचा, युजर-टाइमझोन आशिया/कोलकाता. पण इथे एका उत्साही मुलानं अभिमानानं आशिया/पुणे लिहिलेलं मी पाहिलंय. असा टाइमझोन यादीत नाही. मुंबईही नाही. जावानं तक्रार केली का? छे! नाव समजलं नाही की तो गुपचूप ग्रिनिच वेळ धरतो. पुण्याचा अभिमान थेट ग्रिनिचला जाऊन पोचला.

आता थोडं, आणखी कोण वाचतं याबद्दल. आपण फाईल सर्व्हरसाठी लिहितो, पण ती इतरही वाचत असतात. डेटाबेसचा पासवर्ड वजा-डी लावून पर्याय म्हणून दिला, तर तो प्रोसेसच्या आज्ञेचा भाग होतो, आणि साध्या लिनक्स मशीनवर पीएस ही आज्ञा देणाऱ्या कुठल्याही युजरला तो दिसतो. मघाशी मी लॉगच्या पहिल्या ओळींचं कौतुक केलं ना? मूळ मांडणीत टॉमकॅट मिळालेले सगळे पर्याय तिथे छापतो. पासवर्डसकट. आणि लॉग आपण कुणाकुणाला मेलनं पाठवतो, जरा आठवून पाहा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवला तर जरा बरं, ते प्रोसेसच्या मालकाला आणि रूटलाच वाचता येतं. पण कंटेनरच्या व्याख्येत लिहिला तर डॉकर इन्स्पेक्टमध्ये तो उघडा पडतो.

मग ठेवायचा कुठे? हिरोकू या क्लाउड कंपनीच्या मंडळींनी २०११ च्या सुमारास 'ट्वेल्व्ह फॅक्टर' नावानं जी पथ्यं मांडली, त्यात एक छान कसोटी आहे. तुमचा सगळा कोड या क्षणी जगासमोर खुला केला, तर एखादं गुपित फुटेल का? फुटणार असेल तर ते चुकीच्या जागी आहे. पण ही कसोटी गुपित कुठे नको ते सांगते, कुठे हवं ते सांगत नाही. टॉमकॅटचे लोक याबाबतीत प्रामाणिक आहेत. ते सरळ म्हणतात की सर्व्हरला डेटाबेसकडे जायचं तर मूळ पासवर्ड लागणारच, तो कुलपात घातला तर कुलपाची किल्ली शेजारीच ठेवावी लागेल. तेव्हा वेगळी फाईल, टॉमकॅटच्या युजरलाच वाचता येईल अशी, कोडच्या भांडारापासून दूर. आणि ज्याला पासवर्ड माहीत होता तो नोकरी सोडून गेला, की पासवर्ड बदलायचा. हे शेवटचं काम मशीनचं नाही, म्हणून ते होत नाही.

राहिला एक वाचक, आपल्यानंतर या खुर्चीवर बसणारा माणूस. त्याच्यासाठी हॅशचं चिन्ह आहे. हॅशनंतर लिहिलेलं मशीन वाचत नाही, माणूस वाचतो. चार जीबी का, आठ का नाही, हे कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, एवढं एका ओळीत लिहिता येतं. तसं फारसं कुणी लिहीत नाही. लिहितात ते काय? एका कचेरीत, नाव सांगत नाही, मी जुना सर्व्हर जावा १७ वर न्यायला गेले होते. सेटएन्व्हमध्ये मॅक्स-पर्म-साइझची एक ओळ होती. ती मेमरीची जागा जावा ८ मध्ये, २०१४ सालीच रद्द झाली. त्यानंतरच्या आवृत्त्या प्रत्येक वेळी लॉगमध्ये सांगत होत्या की हा पर्याय आता नाही, मी दुर्लक्ष करतोय. ते वाचलं कुणी? ओळीच्या वर मराठीत टीप होती, 'ही ओळ काढू नये'. का काढू नये, कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, पत्ता नाही. त्या टिपेच्या धाकानं ती ओळ एका मशीनवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी जशीच्या तशी जात राहिली होती.

जावा १७ मात्र दुर्लक्ष करायलाही तयार नाही. हा पर्याय ओळखत नाही म्हणतो आणि उठतच नाही. मी ओळ काढायला सांगितली, तर तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, वर लिहिलंय ते वाचलंत ना?" अर्धा तास चर्चा झाली. वरिष्ठांना फोन झाला. शेवटी लेखी परवानगी आली, ओळ निघाली, सर्व्हर उठला. परवानगी मात्र ओळ काढायचीच होती. टिपेबद्दल तिच्यात काही म्हटलेलं नव्हतं, म्हणून टीप तशीच ठेवली आहे.